पुलमन मागे का राहिलं: अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधला भागाकार

प्रश्न असा आहे: "माझी मुलगी अमेरिकेत पुलमन गावी, वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात शिकते. तिच्या कॉलेजची फुटबॉल टीम शंभराहून अधिक वर्षं ज्या गटात खेळली, तो गट २०२३ च्या उन्हाळ्यात काही दिवसांत फुटला. सिएटलचं कॉलेज ओहायो-मिशिगनच्या गटात गेलं, हिचं मागे राहिलं. टीम वाईट नव्हती म्हणे. मग हे ठरवलं कुणी आणि कशाच्या जोरावर?"

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. गेली बावीस वर्षं अमेरिकेत खेळांच्या प्रसारण हक्कांचं मोल काढण्याचं काम करतो, कधी हक्क घेणाऱ्या वाहिनीसाठी, कधी विकणाऱ्या गटासाठी. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात द्यायचं तर असं: तुमच्या मुलीचं कॉलेज गटाची बेरीज वाढवत होतं, पण सरासरी कमी करत होतं. आता हे वाक्य उलगडून सांगतो.

पुलमनला मी दोनदा गेलो आहे. गव्हाच्या टेकड्यांच्या त्या प्रदेशाला 'पलूस' म्हणतात. आमच्या जिल्ह्यातल्या पलूसशी त्याचा काही संबंध नाही, उच्चार तेवढा सारखा. तरी पाटीवर ते नाव दिसलं तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलो होतो. गावाची वस्ती तीस-बत्तीस हजार, आणि स्टेडियममध्येही जवळपास तेवढीच माणसं मावतात. ईएसपीएनचा 'कॉलेज गेमडे' हा शनिवार सकाळचा कार्यक्रम देशात कुठेही असो, मागच्या गर्दीत वॉशिंग्टन स्टेटचा झेंडा फडकताना दिसतो. २००३ पासून माजी विद्यार्थी तो झेंडा कुरिअरने या गावाहून त्या गावाला पाठवत आले आहेत. २०१८ मध्ये या टीमने ११ सामने जिंकले, विद्यापीठाच्या इतिहासातले सर्वाधिक. तेव्हा जीव लावणारी माणसंही होती आणि खेळही होता.

मागची थोडी पार्श्वभूमी. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. कॉलेजं आठ-दहा-बारांच्या गटाने एकमेकांशी खेळतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. पूर्वी गट भूगोलावर ठरायचा, कारण मुलांना बसने किंवा रेल्वेने जाऊन परत वर्गात बसायचं असायचं. एसईसी म्हणजे दक्षिण, बिग टेन म्हणजे मिशिगन-ओहायो-इलिनॉयचा पट्टा, पॅक-१२ म्हणजे पॅसिफिक किनारा. पॅक-१२ चं मूळ १९१५ सालातलं.

या खेळाला शनिवार मोकळा मिळाला आहे, त्यामागे एक कायदा आहे. १९६१ च्या स्पोर्ट्स ब्रॉडकास्टिंग अ‍ॅक्टने एनएफएलसारख्या व्यावसायिक लीगना सगळ्या संघांचे हक्क एकत्र विकायची मुभा दिली. त्या बदल्यात सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार शाळा-कॉलेजांच्या खेळासाठी राखले गेले. पण हक्क एकत्र विकायची तीच मुभा कॉलेजांना मिळाली नाही. आज जे काही दिसतं, त्याचं मूळ या दोन गोष्टींत आहे: शनिवार कॉलेजांचा, पण एकत्र विकायचा अधिकार नाही.

१९८४ पर्यंत एनसीएए ही सर्व कॉलेजांची शिखर संस्था तरीही सगळ्यांचे हक्क एकत्रच विकत होती. कोणतंही कॉलेज दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा टीव्हीवर दिसू शकत नव्हतं. १९८१ मधलं एक उदाहरण न्यायालयाच्या कागदपत्रांत आहे, आणि या धंद्यात आलेल्या प्रत्येक तरुणाला मी ते सांगतो. ओक्लाहोमा विरुद्ध यूएससी (लॉस एंजेलिसचं सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) हा सामना २०० हून अधिक केंद्रांवर दाखवला गेला. त्याच वेळी सिटाडेल विरुद्ध अ‍ॅपलाचियन स्टेट हा लहान कॉलेजांचा सामना फक्त ४ केंद्रांवर दिसला. चारही संघांना पैसे सारखेच मिळाले. ओक्लाहोमाला हे अन्यायाचं वाटलं, सिटाडेलला न्यायाचं. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं न्यायालयात गेली आणि जून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएएची ही मक्तेदारी मोडली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कॉलेजच्या दिवसांत नावाजलेले फुटबॉलपटू होते. शिक्षणसंस्थांच्या खेळाला निव्वळ बाजाराच्या मापाने मोजू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. निकाल कायद्याला धरून होता असं मला वाटतं. व्हाइट यांची भीतीही खरी ठरली.

आपल्याकडच्या वाचकाला फरक लगेच कळावा म्हणून आयपीएल घ्या. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. विकणारं एकच, बीसीसीआय. पैसा मध्यवर्ती कोशात जमा होतो आणि तिथून संघांना वाटा मिळतो. चेन्नईला उद्या वाटलं की राजस्थानमुळे आपला वाटा कमी होतो, तरी चेन्नई उठून दुसरी लीग गाठू शकत नाही. अमेरिकेत १९८४ नंतर असा एक विक्रेता उरला नाही. आधी नोत्र दाम या विद्यापीठाने एकट्याने एनबीसी वाहिनीशी करार केला, मग एकेक कॉन्फरन्स स्वतःचं दुकान चालवू लागली. आणि दुकान स्वतःचं म्हटलं की भागीदार कोण असावेत, हा प्रश्न आलाच.

सुरुवातीला भागीदार निवडायचं माप होतं केबलचं घर. बिग टेनने २००७ मध्ये फॉक्सला भागीदार घेऊन स्वतःची वाहिनी काढली. केबल कंपनी प्रत्येक घरामागे वाहिनीला दरमहा पैसे देते, घरात सामना बघितला जावो वा न जावो. गटाचं कॉलेज ज्या राज्यात आहे तिथे हा दर जास्त, बाहेर अगदी थोडा. समजा घरटी महिन्याला एक डॉलर आणि राज्यात वीस लाख जोडण्या, तर वर्षाला २.४ कोटी डॉलर झाले, एक चेंडू फेकण्याआधीच. २०१४ मध्ये न्यू जर्सीचं रटगर्स आणि मेरीलंड बिग टेनमध्ये आले ते यामुळे. एकाने न्यूयॉर्क परिसरातली घरं आणली, दुसऱ्याने राजधानी वॉशिंग्टन आणि बाल्टिमोरची. रटगर्स पुढची अनेक वर्षं बहुतेक सामने हरत राहिलं, तरी त्याच्या जागेला धक्का लागला नाही. ती जागा मैदानावर मिळवलेली नव्हतीच.

पुढे केबल तुटू लागलं. लोक जोडणी सोडून मोबाइलवर बघू लागले आणि न बघणाऱ्या घराकडून पैसे मिळणं कमी होत गेलं. मग माप बदललं: शनिवारी खरोखर किती लोक बसून बघतात? आमच्या तक्त्यांत ४० लाख प्रेक्षकांच्या वरचे सामने हा वेगळा रकाना असतो, कारण जाहिरातीचा खरा पैसा तिथे आहे. असे सामने देणारी कॉलेजं देशात मोजकी आहेत. त्यांतली बहुतेक सगळी आता दोन गटांत आहेत, १६ कॉलेजांच्या एसईसीत आणि १८ कॉलेजांच्या बिग टेनमध्ये.

आता तो भागाकार.

धरून चालू की एका गटात १६ कॉलेजं आहेत आणि प्रत्येकाला वर्षाला ६ कोटी डॉलर मिळतात. एकूण ९६ कोटी. सतराव्या कॉलेजाने दार ठोठावलं. त्याचे सामने घेतले तर वाहिनी वर्षाला ३ कोटी जास्त देईल. एकूण झाले ९९ कोटी. गट श्रीमंत झाला. पण ९९ ला १७ ने भागलं की येतात ५.८२ कोटी. म्हणजे आधीच्या सोळा जणांचे प्रत्येकी १८ लाख डॉलर गेले. त्या सोळा कुलगुरूंना मत द्यायचं आहे. ते काय करतील?

म्हणून नव्या सदस्याला विचारला जाणारा प्रश्न 'तू किती आणतोस' एवढ्यावर थांबत नाही. 'आमच्या सरासरीपेक्षा जास्त आणतोस का' असा तो असतो. गट जितका श्रीमंत, तितका उंबरठा उंच. आणि उंबरठ्याच्या आतल्या प्रत्येकाला माहीत असतं की आपण आज नव्याने अर्ज केला असता तर कदाचित घेतलं नसतं.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका गटासाठी मी असा तक्ता केला होता. विस्तारासाठी पाच नावं होती. त्यांतलं एक कॉलेज शिक्षणात उत्तम, स्टेडियम दर शनिवारी भरलेलं, शेजारच्या सदस्याशी ऐंशी-नव्वद वर्षांची चुरस. भागाकारात ते प्रत्येक जुन्या सदस्याचे वर्षाला जेमतेम चार लाख डॉलर कमी करत होतं. बैठकीच्या आदल्या रात्री मला सांगण्यात आलं की ती ओळच काढून टाका, चर्चेला नको. मी काढली. आकडा बरोबर होता, पण आकड्यापुढे ती ओळ उभीही राहू दिली नाही, याचं वाईट आजही वाटतं.

भागाकार ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी तारखांत आहे. एखादा गट कधी फुटेल हे कळायला त्याचा करार कधी संपतो ते बघावं, विजयांचा तक्ता नाही. डिसेंबर २०२० मध्ये एसईसीने डिस्नेशी, म्हणजे ईएसपीएन-एबीसीशी, पुढच्या दहा वर्षांचा करार केला. सीबीएस ज्या सामन्यांसाठी वर्षाला सुमारे ५.५ कोटी डॉलर देत होतं, त्यांचा भाव सुमारे ३० कोटींवर गेल्याच्या बातम्या होत्या. सातच महिन्यांत, जुलै २०२१ मध्ये, टेक्सास आणि ओक्लाहोमा बिग ट्वेल्व्ह हा आपला गट सोडून एसईसीत जाणार हे उघड झालं. एक वर्ष आधी निघता यावं म्हणून दोघांनी मिळून १० कोटी डॉलर मोजले.

धास्तावलेल्या बिग टेन, एसीसी (अटलांटिक किनाऱ्याचा गट) आणि पॅक-१२ या तीन गटांनी ऑगस्ट २०२१ मध्ये 'अलायन्स' जाहीर केली: आम्ही एकमेकांची कॉलेजं पळवणार नाही, एकमेकांवर विश्वास आहे. कागदावर सही नव्हती. दहा महिन्यांनी, ३० जून २०२२ ला, बिग टेनने पॅक-१२ मधून यूएससी आणि यूसीएलए उचलली. लॉस एंजेलिस हा देशातला दुसऱ्या क्रमांकाचा टीव्ही बाजार. पुढच्या सात आठवड्यांत बिग टेनचा फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबरचा सात वर्षांचा, ७०० कोटी डॉलरहून मोठा करार जाहीर झाला. या दोन तारखा मी मुद्दाम शेजारी ठेवल्या आहेत. करार होत असताना कॉलेजं आली, आणि ती आली म्हणून करार तेवढा मोठा झाला. यूसीएलएचीही गरज होती. तीन वर्षांत त्यांच्या क्रीडा विभागाची तूट १० कोटी डॉलरच्या वर गेली होती.

आता पॅक-१२ कडे दहा कॉलेजं उरली आणि करार २०२४ च्या उन्हाळ्यात संपणार होता. इथून पुढचं वर्ष मी जवळून पाहिलं आणि त्या वर्षाबद्दल मला अजून हळहळ वाटते, कारण हा गट वाचू शकला असता. बातम्यांनुसार २०२२ च्या शरद ऋतूत ईएसपीएनने प्रत्येक कॉलेजामागे वर्षाला सुमारे ३ कोटी डॉलर देऊ केले होते, आणि पॅक-१२ ने ५ कोटींची अपेक्षा कळवली. ईएसपीएन उठून गेलं. दरम्यान बिग ट्वेल्व्हचे नवे कमिशनर, म्हणजे गटाचे मुख्य कारभारी, ब्रेट योरमार्क यांनी एक हुशारी केली. त्यांचा करार पॅक-१२ च्या नंतर संपणार होता, पण त्यांनी थांबायचं नाकारलं. ऑक्टोबर २०२२ मध्येच ईएसपीएन आणि फॉक्सशी सहा वर्षांचा सुमारे २२८ कोटी डॉलरचा करार करून टाकला. प्रत्येक कॉलेजाला सरासरी ३.१७ कोटी. भाव फार मोठा नव्हता. पण वाहिन्यांची त्या वर्षीची थैली त्यांनी रिकामी केली. नंतर आलेल्या पॅक-१२ ला बाजारात गिऱ्हाईकच उरलं नाही. माझ्या कामाच्या आयुष्यात वेळेची एवढी किंमत मी दुसऱ्या कुठल्या व्यवहारात पाहिली नाही.

शेवटी १ ऑगस्ट २०२३ ला पॅक-१२ चे कमिशनर जॉर्ज क्लियावकॉफ यांनी कुलगुरूंपुढे अ‍ॅपलचा प्रस्ताव ठेवला. हमीची रक्कम अडीच कोटी डॉलरच्या आसपास, ग्राहक वाढले तर पुढे जास्त. सामने बहुतेक सगळे अ‍ॅपच्या आत. तोवर कोलोरॅडो २७ जुलैला बिग ट्वेल्व्हमध्ये निघून गेलं होतं. ४ ऑगस्टला सकाळी उरलेल्या नऊ जणांच्या सह्या होतील अशी आशा होती. त्याच दिवशी ऑरेगन आणि सिएटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ बिग टेनमध्ये गेले. अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि यूटा बिग ट्वेल्व्हमध्ये. संध्याकाळी गटात चार कॉलेजं होती. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया-बर्कली एसीसीत गेली. पॅसिफिकच्या काठावरची दोन विद्यापीठं अटलांटिकच्या नावाच्या गटात, जिथे बॉस्टनचा सामना चार हजार किलोमीटरहून लांब. पुलमन आणि कॉर्व्हॅलिस, म्हणजे वॉशिंग्टन स्टेट आणि ऑरेगन स्टेट, उरले.

भागाकार इथे पुन्हा दिसतो. ऑरेगनमागे नायकेच्या फिल नाइट यांचा पैसा आणि राष्ट्रीय नाव, वॉशिंग्टनमागे सिएटलचा बाजार. तरीही दोघांना बिग टेनने पूर्ण वाटा दिला नाही. त्यांनी सुमारे ३ कोटी डॉलरवर, म्हणजे जवळपास अर्ध्या वाट्यावर, प्रवेश घेतला. जुन्या सदस्यांची सरासरी घसरू द्यायची नाही, ही अट नव्यांनी स्वतःच्या खिशातून पुरी केली. स्टॅनफर्ड आणि बर्कलीने तर सुरुवातीची सात वर्षं ३० टक्के वाटा पत्करला. डॅलसच्या एसएमयूने नऊ वर्षं टीव्हीचा पैसाच नको म्हटलं, कारण त्यांच्यामागे तेल आणि जमिनीच्या व्यवसायातले धनाढ्य माजी विद्यार्थी आहेत. पुलमनमागे असं कुणी नाही. तिथे शेतकरी आहेत, शिक्षक आहेत, पशुवैद्य आहेत, आणि कुरिअरने झेंडा पाठवणारी माणसं आहेत.

बर्कलीची एक गोष्ट सांगायला हवी. यूसीएलए आणि बर्कली एकाच सरकारी विद्यापीठ व्यवस्थेच्या शाखा. एकाने जाऊन भरपूर कमवायचं आणि त्यामुळे दुसऱ्याचं घर बसायचं, हे व्यवस्थेच्या विश्वस्त मंडळाला पटेना. मे २०२४ मध्ये त्यांनी ठरवलं की यूसीएलएने बर्कलीला तीन वर्षं दरवर्षी १ कोटी डॉलर द्यावेत. पाडलेल्या घराची भरपाई घर पाडणाऱ्याने द्यावी, असं या सगळ्या प्रकरणात मला दिसलेलं हे एकमेव उदाहरण. वॉशिंग्टन राज्यातही दोन्ही विद्यापीठं सरकारी आहेत. तिथे असं काही झालं नाही.

पॅक-१२ ची मूळ चूक मात्र २०२३ ची नाही, ती २०१२ ची आहे. कमिशनर लॅरी स्कॉट यांनी तेव्हा गटाची वाहिनी काढली, पूर्ण मालकी स्वतःकडे ठेवून. मालकी शंभर टक्के, कागदावर छान. पण भागीदार नसल्याने वाहिनी घरोघरी पोचवायला बळ नव्हतं. उपग्रहावरून घरोघरी वाहिन्या पोचवणाऱ्या डायरेक्टीव्हीवर ती कधी आलीच नाही. सॅन फ्रान्सिस्कोत महागडं कार्यालय, आणि अर्ध्या देशात सामना दिसत नाही. बिग टेनने फॉक्सला वाटा दिला तेव्हा अनेकांना ते मालकी घालवणं वाटलं होतं. पण ज्याच्याकडे वाहिन्या आहेत त्याचाच तोटा तुमच्या तोट्यात गुंतवून ठेवणं, हा त्या व्यवहाराचा खरा फायदा होता. पुढे विस्ताराच्या प्रत्येक वळणावर फॉक्स बिग टेनच्या मागे उभं राहिलं. पॅक-१२ च्या मागे असं उभं राहायला कुणालाच कारण नव्हतं.

मग एखादं कॉलेज कधीही उठून जाऊ शकतं का? नाही. ते अडवायला 'ग्रँट ऑफ राइट्स' नावाचा कागद असतो, आणि आपल्याला तो सातबारावरच्या बोज्यासारखा समजून घेता येईल. कॉलेज आपल्या घरच्या सामन्यांचे टीव्ही हक्क ठराविक मुदतीसाठी गटाच्या नावे करून देतं. गट सोडता येतो, पण बोजा सुटत नाही. मुदत संपेपर्यंत त्या सामन्यांचा पैसा जुन्या गटातच जमा होतो, आणि हक्क सोबत नसलेलं कॉलेज नवा गट कशाला घेईल? एसीसीने २०१६ मध्ये हा बोजा २०३६ पर्यंत वाढवला. तेव्हा सगळ्यांना सुरक्षित वाटलं. पाच-सात वर्षांत बिग टेन-एसईसीचे आकडे पुढे निघून गेले आणि वीस वर्षांची सुरक्षितता फ्लोरिडा स्टेटला बेडी वाटू लागली. ३ डिसेंबर २०२३ ला, तेराच्या तेरा सामने जिंकूनही, त्यांना देशाचा विजेता ठरवणाऱ्या चार संघांच्या प्लेऑफमधून वगळलं गेलं. मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू, जखमी होता, हे कारण समितीने दिलं. २२ डिसेंबरला त्यांनी एसीसीवर दावा लावला आणि बाहेर पडायचा खर्च ५७.२ कोटी डॉलर होईल असा हिशेब मांडला. पुढे क्लेमसनही न्यायालयात गेलं. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली: बाहेर पडायची रक्कम वर्षागणिक उतरत २०३०-३१ पर्यंत ७.५ कोटींवर येईल, आणि टीव्हीच्या पैशाचा मोठा भाग प्रेक्षकसंख्येवर वाटला जाईल.

त्या तडजोडीतली दुसरी अट मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. समान वाटा हा गटाला बांधून ठेवणारा खरा धागा आहे. टेक्सासने २०११ मध्ये ईएसपीएनबरोबर वीस वर्षांसाठी ३० कोटी डॉलरची स्वतःची 'लाँगहॉर्न नेटवर्क' वाहिनी काढली, आणि २०१२ मध्ये टेक्सास ए-अँड-एम आणि मिझुरी बिग ट्वेल्व्ह सोडून गेले. एका भावाने शेतात स्वतःची वेगळी विहीर खणली की बाकीचे वाटणी मागतात. आता एसीसीत ज्याचे प्रेक्षक जास्त त्याचा वाटा जास्त, म्हणजे वेगळ्या विहिरीला नियमातच जागा झाली. पुढे बिग टेनमध्ये मिशिगन-ओहायो स्टेटने हेच मागितलं तर नाही म्हणायला आधार काय?

हे कशाच्या जोरावर ठरलं, हेही तुम्ही विचारलंत. प्लेऑफकडे बघा. २०२४ मध्ये ईएसपीएनने वर्षाला सुमारे १३० कोटी डॉलर देऊन पुढचे हक्क घेतले. २०२६ पासून या पैशातला सुमारे २९ टक्के वाटा बिग टेनला आणि तेवढाच एसईसीला. ३४ कॉलेजं मिळून ५८ टक्के. बाकीच्या शंभराच्या आसपास कॉलेजांत ४२. त्याच समझोत्यात प्लेऑफचं स्वरूप ठरवण्यात या दोन गटांचा शब्द शेवटचा मानला गेला. बाकीच्यांनी सह्या केल्या, कारण दोघांनी वेगळी स्पर्धा काढली तर आपल्या हाती काहीच उरणार नाही, हे त्यांना दिसत होतं. निघून जाण्याची ताकद हीच इथली सत्ता आहे. प्रत्यक्ष जावं लागत नाही.

आणि आता खेळाडूंनाही पैसे द्यायचे आहेत, जे माझ्या मते फार आधी व्हायला हवं होतं. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या 'हाउस' खटल्यातली तडजोड मंजूर केली: जुन्या खेळाडूंना २८० कोटी डॉलर, आणि पुढे प्रत्येक कॉलेजाला पहिल्या वर्षी २.०५ कोटी डॉलरपर्यंत खेळाडूंत वाटायची मुभा. ज्याला गटाकडून ६ कोटी येतात तो ही रक्कम देतो. बाकीचे कुठून आणणार? पुलमनने याची किंमत मोजली आहे. कॅम वॉर्ड दोन वर्षं वॉशिंग्टन स्टेटचा क्वार्टरबॅक होता. तो मायामीला गेला आणि २०२५ च्या एनएफएल निवडीत देशात पहिला आला. त्याच्या जागी आलेला जॉन मटीर एका मोसमानंतर ओक्लाहोमाला गेला. मुलांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या हातात खेळायची वर्षं थोडी असतात. पण माणूस हेरायचा, घडवायचा पुलमनने आणि मिरवायचा दुसऱ्याने, असं चक्र सुरू झालं आहे.

यावर उपाय म्हणून पुन्हा सगळ्यांनी एकत्र विकावं, १९६१ चा कायदा कॉलेजांनाही लागू करावा, अशी मागणी जोर धरते आहे. टेक्सास टेकचे धनाढ्य पाठीराखे कोडी कॅम्पबेल यांनी २०२५ मध्ये त्यासाठी टीव्हीवर जाहिराती दिल्या. मला ती मागणी हिशेबाच्या दृष्टीने योग्य वाटते. आज विकणारे अनेक आणि मोठे गिऱ्हाईक दोन-तीन, त्यामुळे सगळ्यांचे सामने मिळून जो भाव यायला हवा तो येत नाही. पण भागाकारात आज जे वर आहेत त्यांची संमती लागेल, आणि त्यांना ओक्लाहोमा-सिटाडेलचा समान धनादेश आठवतो.

भागाकार खोटा नाही, हे मी मान्य करतो. मी स्वतः तो मांडतो. माझी तक्रार त्याच्या मुदतीबद्दल आहे. तक्ता सहा-सात वर्षांच्या कराराचा असतो आणि चुरस शंभर वर्षांत तयार होते. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट ही शेजारची कॉलेजं पिढ्यान्पिढ्या दरवर्षी खेळायची. ४ नोव्हेंबर २०२३ च्या सामन्यानंतर ते थांबलं. त्या सामन्याचा प्रेक्षक कुठल्याही तक्त्यात 'ओक्लाहोमाचा' म्हणून मोजला जातो. शेजारी नसता तर तो प्रेक्षक तयार झाला असता का, हे मोजायला रकाना नाही. बावीस वर्षांत मला तो करता आलेला नाही.

तुमच्या मुलीच्या कॉलेजाचं पुढे काय? ज्या व्हिटमन काउंटीत पुलमन आहे तिथल्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये पॅक-१२ चा ताबा उरलेल्या दोघांकडे दिला. नाव आणि गंगाजळी त्यांच्याकडे राहिली, आणि त्यांनी ती विकून खाल्ली नाही. १ जुलै २०२६ पासून बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, यूटा स्टेट आणि टेक्सास स्टेट यांना घेऊन आठ फुटबॉल संघांचा नवा पॅक-१२ उभा राहतो. पैसा जुन्या मानाने कमी, पण सामने सीबीएस, सीडब्ल्यू आणि यूएसए नेटवर्कवर, म्हणजे लोकांना दिसतील अशा जागी. २०१२ ची चूक या वेळी टाळली आहे. तुम्ही नजर ठेवायची ती दोन तारखांवर: बिग टेनचा करार २०२९-३० च्या मोसमानंतर संपतो, बिग ट्वेल्व्हचा त्यानंतर वर्षभरात, आणि एसीसीची सुटका त्याच सुमारास स्वस्त होते. पुढची पळापळ तेव्हा होईल, आणि आता एकदा मागे राहिलेले त्या वेळी निदान तयारीत असतील.

सिएटलशी खेळायचा 'अ‍ॅपल कप' थांबलेला नाही. १९०० पासूनची ही चुरस नोव्हेंबरातून सप्टेंबरात सरकली आहे, पण दोन्ही विद्यापीठांनी २०२८ पर्यंतचा करार केला आहे. वेगळे झाल्यानंतरचा पहिला सामना १४ सप्टेंबर २०२४ ला सिएटलमध्येच झाला. शेवटच्या मिनिटांत सिएटलचा संघ पुलमनच्या गोलरेषेपाशी आला होता. पुलमनने त्यांना तिथेच अडवलं आणि सामना २४-१९ ने जिंकला. पुढचा सामना पुलमनमध्ये असेल तेव्हा मुलीला तिकीट आधी काढायला सांगा. मैदान लहान आहे.